वाहन निर्दोष, चालक सदोष

“इथे सही करा,” वाहन विभागाचे साहेब म्हणाले आणि त्यांनी कागद टेबलावरून पुढे सरकवला.

कागदावर दोनच ओळी होत्या. ‘वाहनाची तपासणी केली. वाहन निर्दोष, चालक सदोष.’ खाली गॅरेजच्या मिस्त्रींची सही, शेजारी साहेबांची सही आणि तिसरी जागा रिकामी. ती ड्रायव्हरबाईंसाठी ठेवलेली.

मंडळी, असा कागद तुमच्याही पुढे कधी ना कधी आला असेल. कागदच असेल असं नाही. कधी नुसता सुस्कारा असतो, कधी “तुझ्याच्यानं काही होणार नाही” असं एक वाक्य असतं. काही बिघडलं की आपण आधी माणूस धरतो. वस्तू उघडायची तर पाना लागतो, अंगाला काळं लागतं. माणसाला नावं ठेवायला काय, उचलली जीभ लावली टाळ्याला!

तर या ड्रायव्हरबाई एका मोठ्या रुग्णालयाची गाडी चालवत. डोंगरावरच्या छोट्या दवाखान्यात तपासणीसाठी काढलेल्या लोकांच्या रक्ताच्या बाटल्या थंड पेटीत भरायच्या आणि ठरल्या वेळेत खाली प्रयोगशाळेत पोचवायच्या, हे त्यांचं काम. दिवसातून तीन खेपा. सात वर्षांत एक खेप चुकली नव्हती. रुग्णालयाच्या नऊ ड्रायव्हरांत बाई एकच, त्यामुळे सात वर्षं सगळ्यांचं लक्षही त्यांच्यावरच.

दोन आठवड्यांपूर्वी गाडीचा सायलेन्सर गंजून गळून पडला. कंपनीचा यायला दोन महिने लागणार होते, म्हणून मिस्त्रींनी बाजारातला एक बसवला. चकचकीत, जाड नळीचा. बसवून झाल्यावर त्याच्यावर थाप मारून म्हणाले, “घ्या बाई, आता चढ म्हणजे तुमच्या डाव्या हातचा मळ!”

आणि त्याच दिवसापासून गाडीला दम लागला. सुरू व्हायची एका किल्लीत, उभ्या उभ्या गुणगुणायची छान, सपाटीला सभ्यपणे चालायची. पण चढ लागला की संपलं. जिथे तिसऱ्या गियरमध्ये जायची तिथे दुसऱ्यात रडायला लागली. पाय तळापर्यंत दाबला तरी उत्तर नाही. दोनदा रक्त उशिरा पोचलं आणि फेकून द्यावं लागलं. एका आजोबांना त्याच हातात पुन्हा सुई टोचली. त्यांनी निमूटपणे बाही वर केली, पण ड्रायव्हरबाईंना त्या रात्री जेवण गेलं नाही.

गाडी गॅरेजमध्ये गेली. मिस्त्रींनी कॉम्प्युटर लावला. कॉम्प्युटर म्हणाला, दोष नाही. प्लग पाहिले, हवेची जाळी पाहिली, पेट्रोलचा पंप पाहिला. सगळं ठीक. सगळं ठीक, मग उरलं कोण? बाई!

“सोमवारपासून दुसरा ड्रायव्हर देतोय,” साहेब म्हणाले. “तुम्हाला धुलाईघरात घेऊ. बसून काम आहे, बरंच आहे तुम्हाला.”

“साहेब, गाडीत बिघाड आहे.”

दाराशी उभे असलेले मिस्त्री हसले. “नाचता येईना अंगण वाकडं! बाई, राग मानू नका, पण तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता. क्लच घसरतो, म्हणून गाडी चढत नाही. चाळीस वर्षं झाली मला या धंद्यात.”

ड्रायव्हरबाईंनी पेन उचललं होतं. ते खाली ठेवलं.

“मिस्त्री, क्लच घसरला तर इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. बरोबर? इथे इंजिनच ओरडत नाही. मी पाय दाबते आणि ते वरच येत नाही. मग क्लचचा काय संबंध?”

मिस्त्रींचं हसू जरा आखडलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. “वाद नको. सही करा.”

“तपासल्याशिवाय नाही करणार.”

“तपासलंय की!”

“माझ्यासमोर नाही तपासलंत. उद्या सकाळी गॅरेजमध्ये मी येते. तुम्हीही या साहेब. माझी चूक निघाली तर तिथेच सही करते. धुलाईघरात काय, सांगाल तिथे जाते.”

एवढं बोलून त्या बाहेर आल्या. बाहेर आल्यावर मात्र गाडीत बसून त्यांनी क्लच दहा वेळा दाबून पाहिला. तोंडावर ठणकावणं वेगळं आणि मनातल्या मनात शांत राहणं वेगळं, हे ज्यानं कधी असं ठणकावलंय त्याला विचारा.

घरी सासूबाई होत्या. या सासूबाई म्हणजे काही माळ ओढत बसणारं माणूस नव्हे! तीस वर्षं त्यांनी पिठाची गिरणी चालवली होती, डिझेलच्या इंजिनावर. इंजिन स्वतः उघडायच्या, स्वतः जोडायच्या. अजूनही त्यांच्या उजव्या हाताच्या एका बोटाचं नख वाकडं आहे, ते त्या इंजिनाचंच देणं.

सूनबाईंनी सगळं सांगितलं. आणि शेवटी, जे कचेरीत बोलल्या नव्हत्या ते बोलल्या. “आई, खरंच माझंच चुकत असेल का हो? सात वर्षांत कळलंच नसेल मला. चाळीस वर्षांचा मिस्त्री म्हणतोय. करून टाकू का सही?”

“कर की,” सासूबाई म्हणाल्या. “पण आधी एक सांग. तू क्लचवर पाय ठेवतेस?”

“नाही.”

“ठेवत नाहीस हे माहीत आहे, आणि ठेवते म्हणून लिहून देणार? मग खोटं कोण बोलतंय, मिस्त्री की तू?”

“तसं नाही हो आई...”

“तसंच आहे. ऐक. चूक असेल तर माणसानं तोंड वर करून कबूल करावी. त्यात कमीपणा नाही. पण तपासल्याशिवाय कबूल करणं हा मोठेपणा नव्हे बाई, तोही खोटेपणाच. आणि या खोटेपणाचा तोटा तुला एकटीला होत नाही. तू धुलाईघरात जाशील, गाडी तशीच राहील. तो नवीन ड्रायव्हरही चढावर अडकेल. तिकडे पुन्हा कुणाला तरी सुई. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली की चोर मोकळाच राहतो ना!”

सासूबाई उठल्या. “चल, गाडी सुरू कर.”

गाडी दारातच उभी होती. पहाटेच्या खेपेसाठी ती घरी ठेवायची परवानगी होती. इंजिन सुरू झालं. सासूबाई गुडघ्यांवर हात ठेवत मागे गेल्या, वाकल्या आणि त्यांनी तळहात धुराच्या नळीसमोर धरला.

“पाय दाब. अजून दाब. दाबलास का?”

“पूर्ण दाबलाय!”

“अगं, मग वारा कुठाय?” सासूबाई ओरडल्या. “एवढी जाड नळी आणि फुंकर बाळसं न धरलेल्या पोराची! चुलीचं धुराडं कोंदलं की काय होतं? लाकूड चांगलं, वारा चांगला, तरी जाळ धरत नाही. आतला धूर बाहेर पडेना तर नवी हवा शिरणार कुठून? माझ्या गिरणीच्या नळीत एकदा चिमणीनं घरटं केलं होतं. आठ दिवस मी पट्ट्याला शिव्या देत होते. बिचारा पट्टा!”

सूनबाई गाडीतून उतरल्या. दोघी त्या चकचकीत सायलेन्सरकडे बघत उभ्या राहिल्या.

“सायलेन्सर लावल्यापासूनच गाडी अशी झाली,” सूनबाई हळूच म्हणाल्या. “मी हे पहिल्या दिवशीच म्हणायला हवं होतं.”

“आता म्हण. मोठ्यानं म्हण.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये साहेब आले. कपाळावर आठ्या होत्या, पण आले. गॅरेज म्हणजे एक लांब पत्र्याची शेड. मध्ये माणूस उतरून उभा राहील असा खड्डा. भिंतीवर ओळीनं खिळे आणि खिळ्यांना टांगलेले पत्र्याचे फर्मे, म्हणजे कापायचे नमुने. दोन नळ्या जोडल्या की त्यांच्यामध्ये एक पॅकिंग घालतात, धूर फटीतून निसटू नये म्हणून. मिस्त्री ती पॅकिंग बाजारातून आणत नसत. पॅकिंगच्या जाड तावावर फर्मा ठेवून स्वतः कापत. या गोष्टीचा त्यांना भारी अभिमान होता. त्यांच्या हाताखाली काम शिकून गेलेले लोकही हे कौतुकानं सांगत.

“बोला,” मिस्त्री हाताची घडी घालून म्हणाले. “काय तपासायचं?”

“सायलेन्सरच्या आधीचा जोड सोडा. तीन नट आहेत. ते काढून सायलेन्सर बाजूला करा. मग त्या मागच्या चढावर गाडी नेऊ.”

गॅरेजच्या मागे पाण्याच्या टाकीकडे जाणारा एक रस्ता होता, चांगला उभा.

“अहो बाई, सायलेन्सर सोडून? गल्ली गोळा होईल! तोफेसारखा आवाज होईल!”

“होऊ दे.”

“आणि त्यानं सिद्ध काय होणार?”

“क्लच माझ्या पायाखालीच राहील. पाय माझाच राहील. फक्त सायलेन्सर नसेल. गाडी चढली नाही तर दोष माझा. चढली तर?”

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. त्यांच्या साहेबी आयुष्यात इतका सरळ सवाल त्यांच्यापुढे आला नसावा. “सोडा हो मिस्त्री,” ते म्हणाले. “एकदाचा निकाल लागू दे.”

आधी सायलेन्सर असताना एक फेरी झाली. दुसरा गियर, पाय तळाशी, गाडी कण्हत कण्हत अर्ध्यावर आली आणि थांबायच्या बेतात आली. मिस्त्री शेजारी बसले होते. त्यांची नजर रस्त्यावर नव्हती, बाईंच्या डाव्या पायावर होती. तो पाय क्लचवर नव्हता. तो बाजूला, जमिनीवर टेकलेला होता. मिस्त्रींनी हे पाहिलं, आणि बाईंनी त्यांना पाहताना पाहिलं.

मग खाली येऊन नळी थोडी निवू दिली, नट सोडले, सायलेन्सर दोरीनं बाजूला बांधला. बाईंनी किल्ली फिरवली.

बाप रे, काय तो आवाज! खिडक्या थरथरल्या, समोरच्या इमारतीत कुणीतरी दार धाडकन लावलं. साहेबांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. आणि गाडी? गाडी सुटली! दुसरा, तिसरा, आणि तिसऱ्यातच टाकीपर्यंत! वर पोचल्यावर बाईंनी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि मिस्त्रींकडे वळल्या.

“क्लच घसरला का, मिस्त्री?”

मिस्त्री समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिले. “खाली चला,” एवढंच म्हणाले.

शेडमध्ये ते स्वतः खड्ड्यात उतरले. सायलेन्सरच्या तोंडाला चिकटून राहिलेली जोडाची पॅकिंग काढली आणि उजेडात धरली. बोल्टची तीन भोकं अगदी अचूक. पण मधलं भोक, ज्यातून सगळा धूर जायचा, ते केवढं? अंगठा जाईल एवढं! नळी एवढी रुंद की तिच्यात लहान मुलाची मूठ जाईल, आणि तिच्या तोंडाला हे बिळाएवढं दार.

झालं होतं ते असं. बाजारातल्या सायलेन्सरच्या खोक्यात पॅकिंग नव्हती. मिस्त्रींनी भिंतीवरून सवयीनं फर्मा काढला. तो होता एका छोट्या गाडीचा. बोल्ट जुळले, पॅकिंग चपखल बसली, आणि त्यांनी मधल्या भोकाकडे पाहिलंच नाही. कॉम्प्युटरला तरी काय कळणार? इंजिन आतल्या आत गुदमरत होतं. ते सांगणारी खूण त्याच्या यादीत नव्हती.

“बरं, बरं,” साहेब घाईनं म्हणाले. “सापडलं ना? मोठ्या भोकाची बसवा. बाई, तुमची गाडी तुमच्याकडे. धुलाईघर रद्द. आणि तो कागद मी फाडून टाकतो, विषय संपला.” त्यांनी खिशातून कागद काढलासुद्धा.

“फाडू नका!”

बाईंचा आवाज त्या बिनसायलेन्सरच्या गाडीपेक्षा काही कमी नव्हता. साहेब दचकले.

“फाडू नका साहेब. माझ्यावर दोष लिहायला कागद लागला होता ना? मग तो काढायलाही कागदच लागेल. ते वाक्य खोडा आणि खाली खरं काय ते लिहा.”

“अहो, आता ताणून काय मिळणार? मिस्त्रींचं वय बघा, मान बघा.”

“आणि माझा मान? तो दोन ओळींत लिहून टाकला तेव्हा कुणी वय बघितलं नाही. सात वर्षं बघितली नाहीत. मला मिस्त्रींची फजिती नको आहे. चूक कुणाच्याही हातून होते, माझ्याही हातून होईल. पण काम न तपासता माणसाला दोषी ठरवलं, ही चूक नव्हे. ही सवय आहे. ती फाडलेल्या कागदाबरोबर जात नाही!”

साहेब मिस्त्रींकडे बघत होते, की ते आता उसळतील. चाळीस वर्षांचा माणूस, सगळ्यांसमोर! पण मिस्त्री खड्ड्यातून वर आलेच नाहीत. ती पॅकिंग हातात घेऊन ते खालच्या पायरीवर बसले होते.

“साहेब,” ते म्हणाले, “मागच्या वर्षी आपली दुसरी गाडी होती. हीच बनावट. तिचाही सायलेन्सर मीच बदलला होता. बाजारातलाच.”

“ती भंगारात गेली.”

“हो. त्याआधी चढायची बंद झाली होती. मी लिहून दिलं होतं, ड्रायव्हरचं वय झालं, पाय जड झालाय.” त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. “पॅकिंग याच फर्म्यावर कापली होती मी.”

तो ड्रायव्हर कोण हे ड्रायव्हरबाईंना माहीत होतं. रुग्णालयात सगळ्यांनाच माहीत होतं. गाडीवरून काढल्यावर त्या काकांना फाटकावर बसवलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहायचं काम. ज्या माणसानं सव्वीस वर्षं गाडी चालवली, तो दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या मोजत होता!

मिस्त्री वर आले. साहेबांच्या हातातून त्यांनी कागद घेतला, बॉनेटवर ठेवला, ‘चालक सदोष’वर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, ‘पॅकिंग मी चुकीची कापली. तपासही मीच अर्धवट केला. चालकाचा दोष नाही.’ त्याखाली पुन्हा एक ओळ लिहिली, मागच्या वर्षीच्या गाडीची. हाताचं काळं कागदाला लागलं, पण अक्षर स्पष्ट होतं.

“हे फाईलमध्ये लागेल मिस्त्री,” साहेब म्हणाले. “कायमचं राहील.”

“राहू द्या. काकांचं वर्षभर राहिलंच आहे, ताईंचंही राहिलं असतं की!” मिस्त्री म्हणाले. मग बाईंकडे वळून, पहिल्यांदाच मान खाली घालून म्हणाले, “ताई, माझं चुकलं. तुम्ही काल सही केली असती तर मला मरेपर्यंत कळलं नसतं. चला, फाटकावर जाऊ. मला एकट्याला जायचं धाडस होत नाहीये.”

तिघं फाटकावर गेले. काका स्टुलावर बसले होते. साहेबांना पाहून उठायला लागले. मिस्त्रींनी त्यांना उठू दिलं नाही. पॅकिंग त्यांच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं, काहीही न लपवता.

काकांनी त्या भोकात अंगठा घालून पाहिला. बराच वेळ ते तेवढंच करत होते. रागावतील, ओरडतील असं सगळ्यांना वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“मला वाटलं, माझाच पाय गेला,” ते म्हणाले. “घरी मीच सांगितलं बायकोला, आता माझ्यानं होत नाही. मुलगा म्हणायचा, बाबा, आपली गाडी तरी चालवा. मी हात लावला नाही वर्षभर. म्हटलं, कुणाला उडवलं बिडवलं तर?” त्यांनी वर पाहिलं. “म्हणजे मिस्त्री, मला गाडी येत होती?”

“येत होती काका. मला तपासता आली नाही.”

मंडळी, मिस्त्रींनी त्याच दिवशी मोठ्या भोकाचा नवा फर्मा कापला. साहेबांनी नियम केला की ड्रायव्हर समोर असल्याशिवाय आणि गाडी चढावर नेऊन पाहिल्याशिवाय तपासणीचा कागद लिहायचा नाही. काकांना गाडी परत मिळाली. बाईंच्या तीन खेपांतली एक त्यांनी मागून घेतली. हे सगळं चांगलंच झालं. पण काकांचं ते वर्ष कुणाला परत देता आलं नाही. ते द्यायला साहेबांकडे नियम नव्हता आणि मिस्त्रींकडे हत्यार नव्हतं.

म्हणून सांगतो, ऐका! कुणी तुमच्यावर न तपासता दोष ठेवला तर मान डोलावू नका. घरातला असो, कचेरीतला असो, चाळीस वर्षांचा अनुभवी असो, त्याला म्हणा, माझ्यासमोर उघडून दाखवा. तुम्ही गप्प बसलात तर दोष तुमच्यापाशी थांबत नाही, पुढच्या माणसाच्या गळ्यात पडतो. आणि दोष ठेवणारे तुम्ही असाल, तर आधी आपल्या हातचं काम उघडून बघा. दुसऱ्यावर ठेवलेला खोटा दोष तो माणूस नुसता सोसत नाही. हळूहळू तो खरा मानायला लागतो. असं कुणी तुमच्यामुळे कुठे बसलं असेल तर आजच त्याच्याकडे जा आणि त्याला सांगा, की तुला येत होतं.